सप्त, हेप्ता, एप्ता

प्रिय टिटवे,

पाकीट उघडल्या उघडल्या कवळीची डबी दिसली म्हणून किंचाळू नकोस. आत दात नाहीत. कवळ्या करणाऱ्या माझ्यासारखीकडे नाजूक वस्तू ठेवायला दुसरं काय असणार? त्या निळ्या डबीत कापसात गुंडाळून एक पेन ड्राइव्ह ठेवला आहे. तो लगेच लावू नकोस. आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच आणि मग लाव. तू लहानपणापासून गोष्टीचं शेवटचं पान आधी वाचणारी, म्हणून बजावून ठेवते. बाकी पाकिटात लोकरीचे मोजे, ओठांना लावायचं तुझं ते मलम आणि चष्म्याची दुसरी जोडी आहे. तुझ्या कंपनीच्या ऑफिसातला माणूस म्हणाला की सामानाची बोट महिनाअखेरीस तुमच्या जहाजाला गाठते आणि तिच्याबरोबर टपालाची पिशवी जाते. मेल करता आला असता, पण तुमच्याकडचा मेल कॅप्टनच्या खोलीतल्या एकाच संगणकावर येतो आणि येणारा-जाणारा तो वाचतो, हे तूच सांगितलं होतंस. हे पत्र कुणाच्या डोळ्यांखालून जायला मला नको आहे.

इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत असते. ते या वेळी गाळते. माझं काम मात्र चालू आहे. खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी आता तोंडात कॅमेरा फिरवून माप घेणारं यंत्र आणलंय, पण म्हातारी माणसं ते अजून माझ्याकडेच पाठवतात, कारण यंत्र माप घेतं, बोलायला लावून बघत नाही. परवा एक निवृत्त बँडवाले आले होते, जन्मभर ट्रम्पेट वाजवलेले. मेणाची कवळी तोंडात बसवून मी त्यांना नेहमीसारखं साठापासून पुढे मोजायला सांगितलं. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. सगळे स नीट वाजले की पुढचे दात जागेवर आहेत असं समजायचं. शिट्टी वाजली की मेण खरवडायचं. त्यांची अशी लांब शिट्टी वाजली की ते स्वतःच थांबले आणि म्हणाले, बाई, एवढा सूर मला उभ्या आयुष्यात लागला नव्हता, ही अशीच राहू द्या. मी हसले. पुष्कळ दिवसांनी हसले, म्हणून तुला कळवते आहे.

बाबांच्या विभागाची खोली विद्यापीठाने परत घेतली. आता तिथे परीक्षेच्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या आहेत. शेपूट जाऊन बघून आला. तुला आठवतं ना, त्याला शेपूट हे नाव तूच दिलंस, तो पहिल्यांदा घरी आला आणि बाबा या खोलीतून त्या खोलीत गेले की तोही मागे मागे जायचा तेव्हा. बाबांचा शेवटचा विद्यार्थी. आता त्याला दाढी आहे, बायको आहे, एका विमा कंपनीत नोकरी आहे, आणि तरी शनिवार आला की तो इथे हजर असतो. जुन्या ग्रीक बोलींमधली व्यंजनं कशी बदलत गेली, हे शिकायला येऊन येऊन किती जण येणार? बाबाच म्हणायचे की आमच्या विषयात विद्यार्थ्यांपेक्षा बोली जास्त आहेत. त्यामुळे खोली गेली याचं त्यांना फार वाईट वाटलं नसावं. निदान त्यांनी तसं दाखवलं नाही. शेपटालाच रडू आलं, आणि मग बाबांनीच त्याच्या पाठीवर हात फिरवला.

आमची ओळख कशी झाली हे तुला बाबांकडून हजारदा ऐकायला मिळालं असेल, पण ते त्यांच्या बाजूने. ते सायकलवरून पडले, वरचा पुढचा दात अर्धा तुटला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं मोठं व्याख्यान होतं. डॉक्टरांनी त्यांना माझ्या टेबलासमोर आणून बसवलं. मी तेव्हा कामाला नवी. तात्पुरता दात बसवून मी म्हटलं, साठाच्या पुढे मोजा. हा गृहस्थ मोजेना. म्हणाला, मोजण्यापेक्षा मी माझं काम करून बघतो, आणि डोळे मिटून कुठल्याशा भाषेत शब्द म्हणायला लागला. मला वाटलं, पडताना डोक्यालाही लागलंय. मग त्यांनी समजावून सांगितलं की जुन्या ग्रीकांकडे आपल्यासारखेच थ, फ, ख होते, अगदी आपलेच, हवेचा झोत सोडून म्हणायचे. पुढे खुद्द ग्रीकांच्या तोंडातून ते निघून गेले. आपल्याकडे जे चार वर्षांचं पोर बोलतं, त्यासाठी बाहेरचे विद्वान आरशासमोर तोंड वाकडं करून बसतात. म्हणून मला माझा थ परत द्या, बाकी दात कसाही दिसू दे. दुसरं कुणीही असतं तर आधी आरसा मागितला असता. मी तेव्हाच फसले.

तुझ्या फ वरून तुम्हा दोघांची भांडणं व्हायची ती आठवतात का? तू शाळेत जायला लागलीस आणि दातांनी ओठ चावून फूल म्हणायला लागलीस. बाबा म्हणायचे, ओठ मिट, मग फुंकर मार, फू-ल. जेवताना सुद्धा. तू चिडून टिटवीसारखी ओरडायचीस आणि त्यावरून तुझं हे नाव पडलं. तू समुद्राच्या तळाची मापं घेणाऱ्या जहाजावर नोकरी घेतलीस तेव्हा मी हिरमुसले होते, बाबा मात्र खूश होते. टिटवी देखील समुद्र आटवी, असं म्हणत घरभर फिरले. तू गेल्यावर महिनाभर भेटेल त्याला तेच ऐकवत होते, दूधवाल्याला सुद्धा.

मी पाल्हाळ लावते आहे हे मला कळतं. मुद्द्यावर यायचं म्हटलं की माझा हात जड होतो.

मला ग्रीक येत नाही. पण इतकी वर्षं एका घरात राहून जे कानावर पडलं त्यातलं एक मला नेहमी फार आवडायचं, आणि आता त्याच्याशिवाय मला दुसरं काही सुचत नाही, म्हणून ते तुला नीट सांगते. आपण सात म्हणतो, आपल्याकडची जुनी माणसं सप्त म्हणायची. ग्रीकांच्या पूर्वजांकडेही सुरुवातीला तोच स होता. मग त्यांच्या तोंडात शब्दाच्या आरंभीचा स सैल पडला. स म्हणायला जिभेला दातांमागे नेमक्या जागी जाऊन तोल धरावा लागतो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तो तोल सुटला की नुसती हवा उरते. स चा ह झाला. सप्तचं हेप्ता झालं. पुढे पूर्वेच्या किनाऱ्यावरच्या गावांतून तो ह सुद्धा गेला आणि तिथे राहिलं एप्ता. बाबा म्हणायचे, यात रडण्यासारखं काही नाही, कुणी काही हरवलं नाही. आईच्या तोंडात जे उरलेलं असतं ते मुलाला पूर्णच वाटतं. स जाताना कुणी पाहिलाच नाही, कारण तो जायला माणसाच्या आयुष्यापेक्षा जास्त वेळ लागला. वर्गात हे सांगताना ते फार आनंदात असायचे. मी एकदा डबा द्यायला गेले होते तेव्हा दाराबाहेर उभी राहून ऐकलंय. मलाही ते तेव्हा खरं वाटलं होतं.

बाबांचा पहिल्यांदा र गेला. तेव्हा तूही अजून इथेच होतीस, जहाजावर जायची तयारी चालली होती, म्हणून तुझ्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. त्यांच्याच आलं. वर्गात एका शब्दात र नीट वाजला नाही. त्यांनी तो पुन्हा म्हटला आणि पुन्हा तो बोथटच आला. घरी येऊन मला म्हणाले, बघ गं, कुठला दात हलतोय का. मी आरसा घालून, बोट फिरवून सगळं तोंड तपासलं. दात एकूण एक घट्ट होते. फक्त जीभ मला जरा बारीक वाटली, आणि तिच्या कडेला बारीक थरथर होती, वाऱ्यावर पाणी हलतं तशी. मी आरसा धुऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरांना विचारलं, त्यांचा चेहरा बदलला आणि त्यांनी मोठ्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी दिली.

टिटवे, बाबांचा घसा बिघडलाय असं आम्ही तुला सांगितलं. घसा नाही. जीभ, ओठ, टाळू आणि गिळायचे स्नायू ज्या नसांवर चालतात त्या नसा वाळत चालल्या आहेत. डोकं शाबूत राहतं, कान शाबूत राहतात, बाकी एकेक करून बंद पडतं. तू जहाजावर गेल्यानंतर मोठ्या डॉक्टरांनी टेबलावरचे कागद बाजूला सारून आमच्याकडे बघत सांगितलं की याला औषध नाही. त्यांनी आडपडदा ठेवला नाही याबद्दल बाबांनी त्यांचे आभार मानले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, टिटवीला यातलं अक्षरही सांगायचं नाही, ती नोकरी टाकून येईल, आणि येऊन करणार काय? मी शब्द दिला. आज तो मोडते आहे, आणि त्यांना सांगून मोडते आहे.

त्यानंतरचे काही महिने, आता तुला खोटं वाटेल, पण घरात नुसती लगबग होती. परदेशातल्या एका संग्रहालयाला जुन्या बोलींमधले शब्द त्या त्या काळच्या उच्चारात ध्वनिमुद्रित करून हवे होते. लोकांनी दगडावरचा लेख बघायचा आणि कानाला यंत्र लावून तो ऐकायचा, अशी त्यांची योजना. आपल्यासारखे थ, फ, ख सहज येतात आणि शिवाय कुठल्या गावात कोणत्या शतकात स चा ह झाला होता हेही पाठ आहे, अशी माणसं जगात कितीशी असणार? बाबांनी होकार दिला. र जरा बोथट होता, पण बाकीचा आवाज तेव्हा खणखणीत होता. शेपटाने रजा काढली. विद्यापीठातल्या त्या जाड पडद्यांच्या खोलीत दोघं सकाळी जाऊन बसायचे. मी थर्मास भरून द्यायचे. बोलण्याचे उपचार करणारी एक बाई त्याच सुमाराला आमच्याकडे येत होती. ती सारखी सांगायची, काका, आधी घरातली वाक्यं रेकॉर्ड करून ठेवा, पुढे एक यंत्र मिळतं, ते तुमच्या आवाजात बोलेल. दार लाव, पाणी दे, कशी आहेस, असली वाक्यं. बाबा म्हणायचे, करू की, घरचं काय पळून जातंय. मीही तेच म्हटलं. शेपूट धरून आम्हा तिघांनाही तेच शहाणपणाचं वाटलं. घरचं बोलणं रोज चालूच होतं ना. ते ग्रीक मात्र दुसरं कुणी बोलणार नव्हतं.

काम संपलं तोवर स गेला होता. एक दिवस स्वयंपाकघरात मी सवयीने म्हटलं, साठाच्या पुढे मोजा बघू, आणि त्यांनी एकसष्टच्या जागी एकहट म्हटलं.  पुढच्या महिन्यात साठचं हाठ झालं आणि मग हाठचं आठ. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. बोलणं कळेनासं झाल्यापासून जवळ ठेवलेल्या पाटीवर लिहून दाखवलं, साठीचा होतो, आठ वर्षांचा झालो. मग त्याखाली लिहिलं, ग्रीकांना याला शेकडो वर्षं लागली, मी दोन महिन्यांत उरकलं. मला हसू आलं नाही. मी त्यांच्यावर ओरडले. म्हटलं, तुम्हाला यातही विषयच दिसतो, मला माझा नवरा दिसतो. त्यांनी पाटी पुसून टाकली आणि बराच वेळ माझा हात धरून बसले.

रडून काही होत नाही, म्हणून मी मला येतं ते केलं. जीभ टाळूपर्यंत पोचत नव्हती, तर मी टाळू जिभेपर्यंत आणायचं ठरवलं. वरच्या दातांना पकडून बसणारी एक पट्टी केली, गुलाबी, कवळीच्याच मालाची, आतून जाड. मागे एक शेपटी काढली, मऊ पडलेली टाळू वर उचलून धरायला. मेणात करायचं, त्यांच्या तोंडात बसवायचं, बोलायला लावायचं, काढून खरवडायचं, पुन्हा बसवायचं. बसून बसून त्यांना ओकारी यायची, पण त्यांनी एकदाही हात झटकला नाही. आणि ज्या दिवशी ती पट्टी बरोबर बसली त्या दिवशी त्यांनी स म्हटला. धड नव्हता, ओला होता, पण स होता. मी जन्मात इतक्या कवळ्या केल्या, एवढी खूश कधी झाले नव्हते. मला वाटलं, आपण याला हरवलं. वेडीच मी.

त्या पट्टीवर आम्ही तुझे रविवार काढले. ती तोंडात फार वेळ सहन होत नसे, म्हणून आठवडाभर ते ती घालत नसत. रविवारी तुझा फोन यायच्या आधी मी ती धुऊन, कोमट पाण्यात ठेवून तयार ठेवायचे. आधी मी तुझ्याशी इकडचं तिकडचं बोलत बसायचे, तुला वाटायचं आई फोन सोडत नाही. तेवढ्यात ते आरशासमोर पट्टी बसवायचे आणि दोन-चार वाक्यं घोकून घ्यायचे, ज्यात अवघड अक्षरं नाहीत अशी. तू एकदा म्हणालीस, बाबा, आता घसा बराय हो तुमचा. फोन ठेवल्यावर त्यांचा चेहरा बघायला हवा होतास. ते आठ दिवस घरात सणासारखे गेले. पण नसा वाळायच्या थांबल्या नव्हत्या. जीभ आणखी खाली गेली, मी पट्टी आणखी जाड केली, जीभ आणखी खाली गेली. मग जाड करायला तोंडात जागा उरली नाही.

ग्रीकांच्या बहुतेक बोलींतून व फार लवकर गेला, म्हणे. घराला ते वोइकोस म्हणत, त्याचं ओइकोस झालं, आणि थोड्याच गावांनी तो व पुढे बराच काळ सांभाळला. बाबांच्या तोंडात मात्र तो सगळ्यांत शेवटपर्यंत टिकला. तुझ्या नावातलं बाकी सगळं गेल्यावरही तो एक व होता. तुझा फोटो पुसताना ते तेवढंच म्हणायचे. गेल्या पंधरवड्यात तोही गेला. आता ओठ मिटत नाहीत. जेवण मिक्सरमधून काढून चमच्याने भरवते, त्यालाही फार वेळ लागतो. पोटात नळी बसवायची की नाही असं डॉक्टरांनी विचारलं, तर बाबांनी पाटीवर नको असं लिहिलं आणि दोनदा अधोरेखित केलं. मी भांडून पाहिलं. त्यांच्याशी भांडण्यात आता मजा नाही, ते उलटून बोलत नाहीत.

आता पेन ड्राइव्हचं. दोन महिन्यांपूर्वी तू मला म्हणालीस, आई, बाबांचं काहीतरी बोलणं रेकॉर्ड करून पाठव ना, कसलंही चालेल, इथे दिवसभर इंजिनाची घरघर ऐकून कान किटतात. मी हो म्हटलं. तोवर यंत्रासाठीची ती घरातली वाक्यं राहूनच गेली होती, हे तुला काय सांगणार? पण मला वाटलं, त्या जाड पडद्यांच्या खोलीत शब्दांच्या मधे मधे बाबा काहीतरी बोललेच असतील. ते कधी गप्प बसले आहेत? शेपटाला म्हणाले असतील, खिडकी लाव रे. माझ्या नावाने खडे फोडले असतील. तुझं नाव तर निघालंच असणार. मी शेपटाला सांगितलं, मला ते सगळं दे, अगदी जसंच्या तसं. तो शनिवारी घेऊन आला. मोठ्या अभिमानाने म्हणाला, काकू, एकदम स्वच्छ आहे, संग्रहालयाने नावाजलं. प्रत्येक शब्दाच्या मागचं-पुढचं सगळं कापून टाकलंय, खोकला नाही, गप्पा नाहीत, खुर्चीचा आवाज नाही. मी विचारलं, आणि ते कापलेलं कुठंय? तो म्हणाला, ते कशाला ठेवायचं, काकू, रोजच्या रोज पुसायचो, सरांनीच शिकवलंय की नमुना निर्मळ हवा. मग त्याला माझ्या चेहऱ्यावरून कळलं. तो तसाच जिन्यात जाऊन बसला. मी त्याला रागावणार तरी कशी, त्याने काम चोख केलं होतं. तरीही मी ते सगळं ऐकलं, टेबलावर कवळ्या घासता घासता, पहिल्यापासून शेवटपर्यंत. कुठे तरी एखादं खिडकी लाव राहिलं असेल म्हणून. राहिलेलं नाही. तुझ्या बाबांच्या आवाजात आपल्या भाषेतलं एक वाक्य या जगात शिल्लक नाही, टिटवे. लग्नाची चित्रफीत आहे, पण तिच्यात बँड आहे आणि बाबा नुसते मान हलवतायत.

म्हणून जे आहे ते पाठवते आहे. त्यात गावं आहेत, शतकं आहेत, आणि प्रत्येकाचे शब्द आहेत. सात आहे, घर आहे. तुझ्यासाठी मी एक शब्द बघून ठेवला, समुद्र. शेपटाने अर्थ सांगितला. बाबा आधी म्हणतात थालास्सा, आणि मग जरा थांबून, अथेन्सच्या माणसांसारखं, थालात्ता. त्यातला थ ऐक. तो थ म्हणजे मी बसवलेल्या दातावरचा थ आहे. तुला अर्थ कळला नाही तरी आवाज त्यांचाच आहे, हे मात्र खरं. दुसरं काही माझ्याकडे नाही.

आता गेल्या रविवारचं सांगते, कारण त्याच्यासाठी मी हे पत्र लिहायला बसले. तुला वाटलं फोन तुटला. तुटला नव्हता. त्या दिवशी पट्टी तोंडात ठरेना, ती त्यांनी काढून माझ्या हातात दिली आणि तरी फोन मागितला. मी दिला. तू चार-पाच वेळा हॅलो म्हणालीस, बाबा आहात का, म्हणालीस, आवाज येत नाहीये, लाइन गेली वाटतं, आता आम्ही बर्फाकडे चाललोय, बोट येऊन गेल्यावरच फोन करते, असं म्हणालीस आणि ठेवलास. ते तुझ्या प्रत्येक हॅलोला उत्तर देत होते. तू ठेवल्यावरही ते फोन कानाला लावून बसले होते. मग पाटी मागितली आणि लिहिलं, बरी आहे, तिकडे वारा खूप आहे. तू निघून येण्याची धडपड करू नकोस. मी कंपनीत विचारलं, हंगाम संपल्याशिवाय तिथून कुणालाही आणता येत नाही, आणि हंगाम संपेपर्यंतचं डॉक्टर बोलत नाहीत. तुझी बोट येऊन जाईल तोवर ते आहेत, एवढंच ते म्हणाले. तेव्हा बोट येऊन गेली की फोन कर. मी फोन त्यांच्या कानाला लावीन आणि मधे बोलणार नाही. काहीही सांग, जेवलीस काय ते सांग, समुद्र किती खोल लागला ते सांग, हवं तर फ चुकवून भांडण काढ. फक्त प्रश्न विचारू नकोस, कारण ते उत्तर द्यायला जातात आणि त्यांना ठसका लागतो. तुला पलीकडून शब्द ऐकू येणार नाही. नीट कान दिलास तर नुसती हवा ऐकू येईल, आत-बाहेर होणारी. ते बाबा आहेत. लाइन गेली असं समजून फोन ठेवू नकोस.

तुझीच, दोघांच्या वतीने लिहिणारी,
आई